आलबेल

पडद्यावरचे सगळे चौकोन हिरवे होते.
रांगेत थांबलेलं : शून्य.
वाटेत अडकलेलं : शून्य.
चुकलेलं : शून्य.
आणि तिकडे, सकाळी सव्वासहाला,
सात नंबरच्या पिंजऱ्याच्या कडेवर
एलिसेओ कार्कामो उभा होता
पाण्यावर तरंगणारी पांढरी पोटं मोजत.
चारशेच्या पुढे त्यानं मोजणं सोडलं.

प्राणवायूचा सेन्सर रात्री अकरालाच मुका झाला होता.
काही येत नव्हतं, म्हणून काही तुंबत नव्हतं,
तुंबत नव्हतं, म्हणून हिरवं.
अळीमिळी गुपचिळी.
याला मी दोन वर्षं आलबेल म्हणत आले,
मी, एदुविना नाउएल्किन,
कास्त्रोच्या खाडीत लाकडी खांबांवर उभ्या ऑफिसात
पायाखाली ओहोटीचा चिखल,
समोर छत्तीस पिंजऱ्यांची माहिती
बाणाबाणांनी वाहताना बघत.

यंत्रणेचे स्वतःचे पहारेकरी आहेत.
ते आलेल्यांची शिरगणती करतात.
न आलेल्याचं नाव त्यांना ठाऊक नसतं.

म्हणून माझा एक लिहायला घेतला.
दर पाच मिनिटांनी यंत्रणा त्याला हाक मारते,
सगळ्या रांगांचे आकडे हातावर ठेवते
आणि विचारते, बोल.
बाकी रिकामी मेथड,
भाड्याच्या खोलीतल्या कोनाड्यासारखी.
काय ठेवायचं ते आपलं आपण.

पहिला बोलभांड निघाला.
एका रात्रीत दोनशे चौदा निरोप :
खाद्य उशिरा, पाणी गार, रांग जरा लांब,
रांग आता बरी, पाणी पुन्हा गार.
लांडगा आला रे म्हणणाऱ्या पोराला
मी पगारावर ठेवलं होतं.
एलिसेओनं फोन खाद्याच्या गोणीखाली सरकवला
आणि शांत झोपला.

शनिवारी तो डिझेल न्यायला आला.
लोकरीची टोपी गुडघ्यावर ठेवून बसला.
मला वाटलं, ओरडेल.
म्हणाला,
"समोरच्या बेटावर दोन्या क्लोरिंदा आहे. एकटीच.
सकाळी तिच्या चुलीचा धूर दिसतो.
दिसला की मी बघितलेला नसतो, कळलं?
आठपर्यंत दिसला नाही तर होडी काढतो.
एकदाच काढली.
नुसती झोपली होती. काय शिव्या दिल्या!
चालतं."

त्या रात्री मी जुनं सगळं खोडलं.
प्रत्येक सेन्सरसमोर आता दोनच गोष्टी :
शेवटचं कधी बोललास,
आणि किती वेळ गप्प बसायची तुझी सवय.
कारण सवयी सारख्या नसतात.
सात नंबरचा नवा, मिनिटाला बडबडतो.
एकोणीसचा म्हातारा, दम खात खात,
त्याला वीस मिनिटं द्यावी लागतात.
चार नंबरला लाटांच्या दिवशी चाळीस.
या आकड्यांत मी थोडी थोडी
शिव्या खायची तयारीही मिसळली.

एक खोड महिनाभर सापडत नव्हती.
सर्व्हर बंद होऊन सुरू झाला
की माझ्या पहारेकऱ्याला वाटायचं
आज जगाचा पहिला दिवस,
गप्प बसायला अजून कुणाला वेळ कुठे झालाय!
मग त्याला वही दिली.
निजण्याआधी लिहून ठेव,
उठलास की आधी वाच.

आणि सगळ्यात शेवटी, कुणी न मागता,
एक ओळ घातली :
रोज सकाळी आठला, एलिसेओच्या फोनवर, एकच शब्द,
"आहे."
त्यावर त्यानं कधी काही उत्तर दिलं नाही.

जूनमध्ये, एका रविवारी, आठ वाजून चार मिनिटांनी
माझा फोन वाजला.
बाहेर अजून काळोख.
"एदुविना, धूर नाही."
मी त्याला, त्याच्या बोटीला, त्याच्या घड्याळाला
आईकडून शिकलेलं सगळं ऐकवलं.
पलीकडे वारा, इंजिनाची धडधड.
तो होडीत बसलेला होता.